क्रूझवर ट्रॅव्हल राउटर: चालतो, पण केबिनपुरता

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघांचं कुटुंब आठवडाभराच्या क्रूझवर निघालंय. जहाजाचं वाय-फाय उपकरणागणिक विकलं जातं आणि यांनी एकाच उपकरणाचं पॅकेज घेतलंय. घरात एक छोटा ट्रॅव्हल राउटर पडून आहे. तो केबिनमध्ये लावून चार फोन, एक टॅबलेट आणि ऑफिसचा लॅपटॉप त्यावर चालवता येईल का? लॅपटॉपला व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद वाट, लागतो. जमलंच तर केबिनमधल्या टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिकही लावायची आहे.

तांत्रिक उत्तर ‘हो’ असं आहे आणि ते फार अवघडही नाही. पण या सगळ्यात राउटर हा सर्वांत सोपा भाग आहे. तो जहाजावर नेऊ देतील का, आणि नेला तरी दिवसातले किती तास कामाला येईल, हे आधी बघा. लोक सेटिंग शिकण्यात रात्री घालवतात आणि हे दोन प्रश्न बोर्डिंगच्या रांगेत उभं राहिल्यावर आठवतात.

नियमांपासून सुरुवात करू. प्रत्येक क्रूझ कंपनी मनाई असलेल्या वस्तूंची यादी प्रसिद्ध करते. इस्त्री, मेणबत्त्या, ड्रोन या नेहमीच्या मंडळींच्या जोडीला काही मोठ्या कंपन्यांनी आता राउटर, नेटवर्क स्विच आणि उपग्रह डिश यांनाही त्या यादीत बसवलंय. (स्टारलिंकची पाठीवरच्या पिशवीत मावणारी मिनी डिश २०२४ मध्ये आली. ती बाल्कनीत ठेवायचा बेत मनात असेल तर तो इथेच सोडून द्या.) तिकीट काढताना यादी वाचली असली तरी निघायच्या आठवड्यात पुन्हा वाचा, कारण ती बदलत असते. बॅगा एक्स-रेतून जातात. सापडलेली वस्तू सहसा काढून ठेवतात आणि सफर संपल्यावर परत देतात.

तुमच्या कंपनीच्या यादीत राउटर असेल तर नेऊ नका, माझं उत्तर तिथेच संपलं. ‘एवढीशी डबी आहे, चार्जर म्हणून खपून जाईल’ असा सल्ला बरेच जण देतात, मी देणार नाही. यादीत राउटर नसेल तरी पॅकेजच्या अटी वेगळ्या काढून वाचा. राउटर जहाजावर नेता येणं ही एक परवानगी झाली, एका पॅकेजवर अनेक उपकरणं चालवणं ही दुसरी. अनेक ठिकाणी पहिली मिळते, दुसरी मिळत नाही. एका उपकरणाच्या पॅकेजवर ‘एका वेळी एकच’ अशी अट असते. म्हणजे फोनवरून लॉगआउट करून लॅपटॉपवर लॉगिन करता येतं, दोन्ही एकदम चालवता येत नाहीत. राउटरने ही अट तांत्रिक पातळीवर ओलांडता येते, म्हणून ती नाहीशी होत नाही. चौघांनाही दिवसभर नेट हवं असेल तर अनेक उपकरणांचं पॅकेज घ्या. ते आगाऊ घेतलं तर जहाजावर चढून घेण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

वीजजोडणीचंही इथेच सांगून टाकतो. राउटरसोबत घरचा सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका. जमिनीवरच्या घरगुती जोडणीत एक तार अर्थच्या पातळीवर असते. जहाजाच्या वीजव्यवस्थेत बऱ्याचदा दोन्ही तारांवर दाब असतो. अशा जोडणीत साधा सर्ज प्रोटेक्टर तापून आग लागू शकते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल सुरक्षा इशाराच काढला होता. चार-पाच यूएसबी पोर्टचा एक चांगला चार्जर पुरतो. मात्र केबिनच्या भिंतीतल्या यूएसबी पोर्टवर राउटर चालवू नका. बऱ्याच ट्रॅव्हल राउटरना ५ व्होल्टला ३ अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो आणि तो पोर्ट तेवढा देईलच असं नाही. मग राउटर चालू होतो, दिवे लागतात, आणि दोन्ही रेडिओंवर ताण आला की मधूनच रीस्टार्ट होतो. लोक दोष जहाजाच्या वाय-फायला देतात.

आता ‘केबिनपुरता’ का म्हणतो ते सांगतो. केबिनच्या भिंती म्हणजे पोलादी पत्र्यांमध्ये दाबून भरलेली खनिज लोकर. आगीपासून बचावासाठी त्या तशाच बांधाव्या लागतात. बाथरूमही कारखान्यात तयार होऊन आलेला पत्र्याचा अख्खा डबा असतो. भिंतीला चुंबक चिकटवून बघा, चिकटतो. अशा खोलीत ठेवलेल्या राउटरचा सिग्नल दाराबाहेर पाच-दहा पावलांत मरतो. म्हणजे राउटरवरचं नेट फक्त केबिनमध्ये बसलेल्याला मिळतं. आणि क्रूझवर केबिनमध्ये बसतं कोण? दिवसभर एक जण पोहण्याच्या तलावावर, दुसरा जेवणघरात, तिसरा नाट्यगृहात. त्या वेळी तुमचं एकमेव लॉगिन राउटरने अडवून धरलेलं असतं. तलावावरच्या माणसाला जेवणघरातल्या माणसाला मेसेज करायचा तर त्याला आपल्या फोनवर लॉगिन करावं लागेल. ते केलं की राउटर बाहेर फेकला जातो आणि केबिनमध्ये लॅपटॉपवर चाललेली ऑफिसची मीटिंग तुटते.

बऱ्याच कुटुंबांचं राउटरचं गणित इथेच कोसळतं. चारही जण रात्री केबिनमध्ये आल्यावरच नेट वापरणार असतील तर राउटर छान आहे. दिवसा एकमेकांना शोधायचं असेल तर क्रूझ कंपनीचं अ‍ॅप बघा. अनेक कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये प्रवाशांना आपसात मेसेज करता येतात. ते जहाजाच्या अंतर्गत नेटवर्कवर चालतात, त्यासाठी इंटरनेटचं पॅकेज लागत नाही.

राउटर पॉवर बँकेला जोडून खिशात घालून फिरायचं, असंही कोणी सुचवेल. चालतं, पण वाईट चालतं. फोन चालताना वाय-फाय पसरवणाऱ्या एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर उडी मारायला बनलेला असतो. ट्रॅव्हल राउटर पहिला पकडलेला अ‍ॅक्सेस पॉइंट सिग्नल पार मरेपर्यंत सोडत नाही. तीन डेक वर गेलात तरी तो खालच्याच बिंदूला लोंबकळत राहतो.

चालताना वाटून घ्यायचंच असेल तर खिशातला फोन जास्त कामाचा. काही अँड्रॉइड फोन, विशेषतः सॅमसंग आणि पिक्सेलची अनेक मॉडेलं, एकीकडे वाय-फायला जोडलेली असतानाच तेच वाय-फाय हॉटस्पॉटवरून पुढे देऊ शकतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय शेअरिंग’ असा पर्याय दिसतो का बघा. विंडोज १० किंवा त्यापुढचा लॅपटॉपही मोबाइल हॉटस्पॉटने हेच करतो. आयफोनला हे जमत नाही, त्याचा हॉटस्पॉट फक्त मोबाइल डेटा वाटतो. म्हणजे ज्यांच्याकडे असा फोन किंवा लॅपटॉप आहे त्यांना पुष्कळदा राउटरची गरजच नसते. पॅकेजच्या अटीचा प्रश्न मात्र इथेही तोच राहतो, डबी बदलली म्हणून अट बदलत नाही.

एवढं वाचूनही राउटर न्यायचा असेल, आणि नियम आड येत नसतील, तर तयारी घरी करा. जहाजावर पहिल्याच संध्याकाळी फर्मवेअर अपडेट शोधत बसण्यात काही मजा नाही.

राउटर कुठलाही चालेल, पण त्यात दोन गोष्टी हव्यात. एक, तो दुसऱ्या वाय-फायला ग्राहक म्हणून जोडून घेऊन मागे स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करू शकला पाहिजे. याला कुठे रिपीटर, कुठे विस्प मोड म्हणतात. नुसता ‘रेंज एक्स्टेंडर’ नको. तो तुमच्या प्रत्येक फोनला जहाजाच्या नेटवर्कवर वेगळं उपकरण म्हणून उभं करतो, मग जहाजाचं लॉगिन पान, म्हणजे पोर्टल, प्रत्येकाकडे वेगळं लॉगिन मागतं. दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन स्वतंत्र रेडिओ हवेत. एकच रेडिओ असला तर तोच जहाजाशी बोलतो आणि तोच तुमच्या फोनशी, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. दोन असतील तर जहाजाकडे ५ गिगाहर्ट्झ आणि केबिनमध्ये २.४ ठेवा. एवढ्याशा खोलीला २.४ भरपूर होतं. प्रसारणशक्ती सर्वांत कमी ठेवा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. शेजारच्या केबिनमधल्या माणसानेही पैसे भरलेत, त्याच्या सिग्नलमध्ये गोंगाट कशाला करायचा?

जीएल-आयनेटचे बेरिल आणि स्लेट मालिकेतले राउटर या कामासाठी पुष्कळ जण वापरतात. ते ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या खुल्या प्रणालीवर चालतात, त्यामुळे आतलं सगळं उघडून बघता येतं. टीपी-लिंकचे छोटे राउटरही साध्या कामाला पुरतात. महागडं मॉडेल घेतल्याने जहाजावर वेग वाढेल अशी आशा ठेवू नका. अडथळा उपग्रहाच्या दुव्यात आणि पॅकेजवर घातलेल्या मर्यादेत असतो, तुमच्या डबीत नसतो. पॅकेजला ठरावीक वेग बांधलेला असेल तर तोच सहा उपकरणांत वाटला जाणार.

घरी सराव करायचा तर शेजारच्या एखाद्या हॉटेलचं किंवा वाचनालयाचं लॉगिन पानवालं मोफत वाय-फाय गाठा. सगळी गंमत त्या लॉगिन पानातच आहे. जहाजाचं वाय-फाय बहुधा बिनपासवर्डाचं असतं. कोणीही जोडू शकतं, पण पोर्टलवर लॉगिन होईपर्यंत पुढे काही जात नाही. लॉगिन झालं की पोर्टल तुमच्या उपकरणाचा ओळखक्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस लक्षात ठेवतं आणि त्या पत्त्याला वाट मोकळी करतं. राउटर मधे आला की पोर्टलला फक्त राउटरचा मॅक दिसतो. मागची सहाही उपकरणं त्या एका पत्त्याआड असतात. घरातल्या राउटरमध्येही हेच चालतं, याला नॅट म्हणतात, वेगळी जादू काही नाही.

सरळ पद्धत अशी: राउटर जहाजाच्या वाय-फायला जोडा, फोन राउटरला जोडा, फोनच्या ब्राउझरमध्ये पोर्टल उघडा आणि लॉगिन करा. बऱ्याचशा अडचणी इथे येतात आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेत, असतं. पोर्टल तुमची डीएनएस विचारणा मधेच पकडून स्वतःच्या पानाचा पत्ता परत देतं. तुम्ही राउटरमध्ये बाहेरचा डीएनएस सर्व्हर भरून ठेवलाय, एन्क्रिप्टेड डीएनएस चालू केलंय किंवा जाहिराती अडवणारं फिल्टर लावलंय, तर ती विचारणा पोर्टलला पकडता येत नाही आणि पान उघडत नाही. म्हणून आधी डीएनएस ‘आपोआप’वर ठेवा, फिल्टर बंद, व्हीपीएन बंद, व्हीपीएन नसताना नेटच तोडणारा त्याचा ‘किल स्विच’ही बंद. फोनकडेही बघा: अँड्रॉइडच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये एखाद्या सर्व्हरचं नाव घातलेलं असेल तर ते काढा, आयफोनवर आयक्लाउड प्रायव्हेट रिले थांबवा.

एवढं करूनही कोरं पान दिसत असेल तर ‘डीएनएस रिबाइंडिंग संरक्षण’ तपासा. हे फार कमी जणांना सुचतं. पोर्टलच्या नावाचा पत्ता १०. किंवा १७२. ने सुरू होणारा खासगी पत्ता असतो. बाहेरच्या नावाला खासगी पत्ता मिळतोय हे बघून राउटरला तो हल्ला वाटतो आणि तो उत्तरच टाकून देतो. लॉगिनपुरतं हे संरक्षण बंद ठेवायचं. आणि लॉगिन पान आपोआप उघडत नसेल तर कुलूप नसलेल्या साध्या एचटीटीपी पानाकडे जा. एचटीटीपीएस पान पोर्टलला मधे वळवता येत नाही. ते वळवायला गेलं की ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो. तो इशारा ओलांडून पुढे जायची सवय मात्र लावून घेऊ नका.

आणखी एक क्वचित येणारी पण चक्रावून टाकणारी अडचण: जहाजाच्या नेटवर्कची पत्त्यांची मालिका आणि तुमच्या राउटरची मालिका एकच निघाली, तर राउटरला डेटाचं कुठलं पाकीट आत ठेवायचं आणि कुठलं बाहेर पाठवायचं हेच कळत नाही. जीएल-आयनेटचा मूळ पत्ता १९२.१६८.८.१ असतो. तो सहसा आड येत नाही, पण आला तर राउटरची मालिका बदला.

दुसरी पद्धत मॅक क्लोनिंगची. काही जहाजांवर लॉगिन कंपनीच्या अ‍ॅपमधूनच करावं लागतं आणि ते अ‍ॅप राउटरमागून नीट चालत नाही. मग फोन थेट जहाजाच्या वाय-फायला जोडून लॉगिन करतात, फोनचा मॅक राउटरवर चढवतात आणि फोनला ते नेटवर्क विसरायला लावतात. इथे फसगत होते ती खासगी मॅकमुळे. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला वेगळा बनावट पत्ता दाखवतो. ‘फोनविषयी’ पानावरचा कारखान्याचा पत्ता उतरवून घेतलात तर पोर्टल तो ओळखणार नाही. त्या विशिष्ट नेटवर्कच्या माहितीत दिसणारा पत्ता घ्यायचा. आयओएस १८ पासून आयफोन बिनपासवर्डाच्या नेटवर्कवर हा पत्ता अधूनमधून बदलतोही, म्हणून तिथे ‘स्थिर’ पर्याय निवडा. राउटर वापरत नसाल तरी क्रूझवर हे करून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की पोर्टल तुम्हाला नवं उपकरण समजून पुन्हा लॉगिनला पाठवेल. आणि एकच मॅक असलेली दोन उपकरणं एकाच वेळी जहाजाच्या वाय-फायवर ठेवू नका. अ‍ॅक्सेस पॉइंट गोंधळतो, दोन्हींचं नेट सारखं तुटत राहतं, आणि नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या पडद्यावर हा प्रकार लगेच उठून दिसतो.

राउटर त्यांना ओळखता येतो का? येतो. सगळ्यात जुनी खूण टीटीएलची. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. फोन आणि अ‍ॅपलचे मॅक संगणक ६४ पासून सुरुवात करतात, विंडोज १२८ पासून. जहाजाच्या पहिल्याच टप्प्यावर ६३ किंवा १२७ दिसला तर मधे कोणीतरी बसलंय हे उघड आहे. ओपनडब्ल्यूआरटीत हा आकडा पुन्हा ६४ करणारा नियम लिहिता येतो, पण ती एकच खूण झाली. एकाच पत्त्यावरून आयफोन, अँड्रॉइड आणि विंडोज अशा तिघांच्या अपडेट सर्व्हरकडे विचारणा जाताहेत, हेही दिसतं. मॅकच्या पहिल्या सहा अंकांवरून उपकरण कोणत्या कंपनीचं हेही कळतं. आणि सर्वांत सोपं म्हणजे, तुमचा राउटर स्वतःच्या नावाचं वाय-फाय हवेत ओरडून सांगत असतो. जहाजाचे अ‍ॅक्सेस पॉइंट आपल्या यादीत नसलेली नेटवर्कं टिपतात, आणि सिग्नलच्या जोरावरून ती कुठल्या केबिनच्या आसपास आहेत हेही सांगतात. नाव लपवण्याची सुविधा यात काही मदत करत नाही, नाव नसलेलं नेटवर्कही तितकंच दिसतं.

काही व्यावसायिक वाय-फाय यंत्रणा अशी अनोळखी नेटवर्कं ‘कोंडू’ शकतात, म्हणजे तुमच्या फोनला खोटे निरोप पाठवून राउटरपासून सारखं तोडतात. जमिनीवर हे करण्याबद्दल अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१४ मध्ये मॅरियट हॉटेल कंपनीला ६ लाख डॉलरचा दंड केला होता. नॅशविलमधल्या तिच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे हॉटस्पॉट असे तोडले जात होते. पण भर समुद्रातलं जहाज ज्या देशाचा झेंडा लावून फिरतं त्या देशाच्या कायद्याखाली असतं, आणि क्रूझ जहाजांवर तो झेंडा बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टाचा असतो. अमेरिकेतल्या दंडाचा दाखला तिथे कुणाला दाखवू नका. डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत वापरली तर असले खोटे निरोप फोन मानत नाही हे खरं. पण यंत्रणा तुम्हाला मुद्दाम तोडतेय इथवर गोष्ट आली असेल तर राउटर बंद करून बॅगेत ठेवा. आठवड्याच्या सुट्टीत नेटवर्क अभियंत्याशी लपाछपी खेळण्यात काय हशील?

हो, आणि टीव्हीमागच्या केबलला हात लावू नका. काही केबिनमध्ये तिथे इथरनेटचा सॉकेट दिसतो आणि राउटर त्यातच खोचायचा मोह होतो. ते टीव्हीचं किंवा जहाजाचं अंतर्गत नेटवर्क असतं, प्रवाशांचं नव्हे. वाय-फाय वाटून घेतलं तर फार तर लॉगिन बंद होईल, इथे मात्र सुरक्षा अधिकारी दारात येईल.

व्हीपीएनबद्दल जरा सविस्तर, कारण ऑफिसचं काम त्यावर अडलंय. आधी जहाजाचं नेट येतं कुठून ते बघा. जुन्या पद्धतीत भूस्थिर उपग्रह असे, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. प्रकाशाच्या वेगानेही तिथे जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. विचारणा आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद, त्यावर यंत्रणांचा वेळ, म्हणजे प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंद आणि वर. एसईएस या कंपनीचे मधल्या कक्षेतले उपग्रह साधारण ८,००० किलोमीटरवर आहेत, स्टारलिंकचे ५५० किलोमीटरच्या आसपास. रॉयल कॅरिबियनने ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या जहाजांवर स्टारलिंक बसवायची घोषणा केली, मग इतर मोठ्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. तेव्हापासून जहाजावरून व्हिडिओ कॉल करणं ही थट्टा राहिली नाही.

भूस्थिर दुव्यावर व्हीपीएन चालू केलं की वेग धाडकन पडतो, आणि लोक म्हणतात की जहाजवाले मुद्दाम करतात. दर वेळी तसं नसतं. उपग्रहाच्या यंत्रणेत टीसीपीची (पाकिटं पोचली का ते बघणाऱ्या नियमांची) पोचपावती जागच्या जागी देऊन टाकणारी यंत्रं असतात, म्हणजे पाठवणाऱ्याला अर्धा सेकंद वाट बघावी लागत नाही. व्हीपीएनमध्ये सगळं पाकीट कुलूपबंद असल्याने त्या यंत्राला आतलं टीसीपी दिसतच नाही, आणि ही मदत हातची जाते. अशा जहाजावर मेलला आणि साध्या पानांना व्हीपीएन लावू नका, ती तशीही एन्क्रिप्टेड असतात. कंपनीच्या आतल्या सर्व्हरला लागेल तेवढ्यापुरतं लावा.

काही पॅकेजवर व्हीपीएन खरोखरच अडवलेलं असतं. सहसा स्वस्त पॅकेजवर बंद आणि महागड्यावर चालू, अशी विभागणी दिसते. हे विकत घेण्याआधी पॅकेजच्या वर्णनात शोधा किंवा कंपनीला लिहून विचारा. राउटरने हा अडसर दूर होत नाही. व्हीपीएन लॅपटॉपवर असो की राउटरवर, जहाजाच्या दारातून जाणारी पाकिटं तीच. माझं मत असं की ऑफिसचं व्हीपीएन लॅपटॉपवरच ठेवावं, राउटरवर चढवू नये. राउटरवर चढवलंत तर मुलांच्या टॅबलेटचं कार्टूनही ऑफिसच्या सर्व्हरमधून फिरून येणार.

स्वतःचं वायरगार्ड व्हीपीएन राउटरवर चालवणारे असतील त्यांच्यासाठी दोन बारीक गोष्टी. जोडणी होते, छोटी पानं उघडतात, मोठी अडकतात, असं दिसलं तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) मूळ १४२० वरून १२८० वर आणून बघा. आणि वायरगार्ड घड्याळावर अवलंबून असतं: आधीच्यापेक्षा जुनी वेळ असलेली जोडणी सुरू करण्याची विनंती पलीकडचा सर्व्हर नाकारतो. बहुतेक ट्रॅव्हल राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की ते जुन्या तारखेला उठतात आणि नेट मिळाल्यावरच वेळ दुरुस्त करतात. काही जहाजांवर दाराजवळच्या खाचेतून की-कार्ड काढलं की सॉकेटचीही वीज जाते, म्हणजे केबिनमधून बाहेर पडलात की दर वेळी हेच. म्हणून क्रम असा ठेवा: राउटर चालू, पोर्टलवर लॉगिन, वेळ जुळली का बघणं, आणि मग व्हीपीएन.

स्ट्रीमिंग स्टिकचं मात्र नाव काढू नका, असं म्हणणार होतो, पण अर्धंच म्हणतो. स्वस्त पॅकेजवर व्हिडिओ अडवलेला असतो, केबिनच्या टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट पुष्कळदा बंद किंवा झाकलेला असतो, आणि एक स्टिक चालली की उरलेल्यांचं नेट गेलंच. पण राउटरला यूएसबी पोर्ट असेल तर घरून पेन ड्राइव्हवर चित्रपट आणि मुलांच्या मालिका भरून घ्या आणि राउटरवरून केबिनमध्ये वाटा. याला इंटरनेट लागत नाही, पॅकेजही लागत नाही. जहाजाचं वाय-फाय प्रवाशांच्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं, त्यामुळे तिथे एका फोनवरून दुसऱ्या टॅबलेटवर काही पाठवता येत नाही. स्वतःच्या राउटरमागे येतं. मुलं बरोबर असतील तर राउटर नेण्याचं हे मला सर्वांत पटणारं कारण आहे.

नेट वाटून घेताना फोनला वाटतं आपण घरच्या वाय-फायवर आहोत. मग तो दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो, अ‍ॅप अपडेट सुरू होतात, लॅपटॉप विंडोजचं अपडेट ओढायला घेतो. एकाने असं केलं की बाकीच्यांचे मेसेजही अडकतात. केबिनचं वाय-फाय प्रत्येक उपकरणावर ‘मीटर्ड’ (मोजून वापरायचं) म्हणून नोंदवा, आयफोनवर ‘लो डेटा मोड’ लावा. हे निघण्याआधी राउटर घरच्या नेटला जोडून करून ठेवता येतं. राउटरच्या नेटवर्कचं नाव तेच राहिलं तर जहाजावर पुन्हा करावं लागत नाही.

मोबाइल डेटाचं वेगळं. बंदर सुटलं की फोन विमान मोडवर टाका आणि वाय-फाय तेवढं चालू ठेवा. अनेक जहाजांवर स्वतःचा मोबाइल टॉवर असतो, तो उपग्रहावरून चालतो आणि तुमच्या रोजच्या रोमिंग पॅकमध्ये तो धरलेला नसण्याचीच शक्यता जास्त. याचा एक परिणाम लोक विसरतात: विमान मोडमध्ये एसएमएसवर येणारा ओटीपी येत नाही. बँकेचं, ऑफिसच्या व्हीपीएनचं किंवा मेलचं लॉगिन एसएमएसवर अवलंबून असेल तर राउटर कितीही नीट लावला तरी तुम्ही दाराबाहेरच. शिवाय जहाजाचं नेट भलत्याच देशातून बाहेर पडत असल्याने बँका आणि मेलसेवा नेमक्या याच वेळी जास्तीची खातरजमा मागतात. कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप निघण्याआधी सुरू करून ठेवा. त्याला नेटही लागत नाही, फक्त फोनची वेळ बरोबर हवी. जिथे एसएमएसशिवाय पर्याय नाही ती कामं बंदरात उरका. बंदरात राउटरचा आणखी एक उपयोग आहे: फोनमधल्या स्थानिक ई-सिमचा डेटा यूएसबी केबलने राउटरला द्या आणि केबिनमध्ये सगळ्यांना वाटा. इथे जहाजाचं पॅकेज मधे येत नाही. बाल्कनी नसेल तर खिडकीशी फोन ठेवून बघा, आतल्या बाजूच्या केबिनमध्ये पत्र्यामुळे रेंज मिळणं कठीणच.